अकरावा सामना

अमेरिकेहून परत आले तेव्हा शेजारच्या बायकांनी विचारलं, नायगरा पाहिला का? नाही पाहिला. तो मोठा पुतळा? तोही नाही. मग तीन आठवडे केलं काय? खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांतले चारच दिवस माझ्या लक्षात आहेत, गुरुवार ते रविवार. त्या चार दिवसांत मी टेक्सासपासून नेब्रास्कापर्यंतचा सपाट, वाळलेला मुलूख पाहिला आणि त्यांच्या फुटबॉलचा एक सामना पाहिला. एवढंच. पण त्या सामन्यात माझाही हात होता, आणि हे मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून आता लिहिते आहे.

मी नागपूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं क्रीडाशिक्षिका होते. कबड्डी शिकवली. माझ्या बहिणीची मुलगी सई संख्याशास्त्र शिकायला अमेरिकेत गेली आणि शिक्षण संपल्यावर पश्चिम ओक्लाहोमातल्या एका लहानशा कॉलेजच्या फुटबॉल संघाकडे नोकरीला लागली. काम आकड्यांचं: कुठला खेळाडू किती पळतो, समोरचा संघ कुठे दुबळा आहे, असं. घरच्यांना ही नोकरी धड कळली नव्हती. मला थोडी कळली होती, म्हणून ती मला फोन करायची.

गेल्या वसंतात तिचा असाच एक फोन आला. त्यांच्या वेळापत्रकातल्या एका कॉलेजने पैशाअभावी फुटबॉल बंदच करून टाकलं होतं आणि हंगामाचा शेवटचा, नोव्हेंबरच्या मध्यावरचा शनिवार रिकामा पडला होता. प्रशिक्षक म्हणत होते, एखादा सोपा संघ घरी बोलावू, जिंकू, मोकळे होऊ. सईचं मत वेगळं होतं. तिला नेब्रास्कातलं एक नावाजलेलं, तगडं कॉलेज हवं होतं, तेही त्यांच्या मैदानावर.

"मावशी, तू काय केलं असतंस?" तिने विचारलं.

मी क्षणभरही थांबले नाही. "भारी संघ घे," म्हटलं.

तिने घेतला. हंगाम सुरू झाला, आणि सईचं कॉलेज एकामागून एक सामने जिंकत गेलं. दहापैकी दहा. मी अमेरिकेत पोहोचले तेव्हा अकरावा तेवढा राहिला होता.

गुरुवार, अर्विंग ते ओक्लाहोमा

डॅलसजवळच्या अर्विंगमध्ये माझ्या दिरांचा मुलगा प्रदीप राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याकडे मी उतरले होते. त्याच्या बैठकीत बाबासाहेबांची तसबीर आहे आणि तिच्या शेजारी त्याच्या मुलीची शाळेतली पदकं टांगलेली आहेत. अर्विंगमध्ये परदेशात आल्यासारखं वाटत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात पातळ पोहे, जाड पोहे, भाजके पोहे, सगळं मिळतं. मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली आणि सकाळी सातला आम्ही निघालो. प्रदीपने दोन दिवसांची रजा टाकली होती.

"काकू, मला पण बघायचंय यार," तो म्हणाला. "सगळे जिंकलेत ते लोक. आता हरले तर सईचं काही खरं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मॅच कोणी घेतली? तिने. आणि तिचा व्हिसा नोकरीवर आहे. नोकरी गेली की दुसरी शोधायला मोजकेच दिवस मिळतात. सीझन संपला की तिचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार का नाही ते ठरणारे."

सईने हे मला सांगितलं नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. टेक्सासची हद्द संपली, रेड रिव्हर ओलांडली आणि माती खरंच तांबडी झाली. झाडं कमी होत गेली. वारा इतका, की प्रदीपला स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागत होतं. एकदा समोरून एक मोठं जनावर गडगडत आलं आणि थेट गाडीवर आदळलं. मी किंचाळले. ते जनावर नव्हतं, वाळलेलं काटेरी झुडूप होतं. मुळापासून तुटून रानोमाळ गडगडत फिरतात म्हणे ती. प्रदीप हसला, पण नंतरचे दहा मैल मी दाराची मूठ सोडली नाही.

दुपारी सईच्या कॉलेजात पोहोचलो. गाव म्हणजे एक रस्ता, धान्याची दोन उंच कोठारं आणि गावाच्या मानाने अवाढव्य असं मैदान. सई धावत आली, गळ्यात पडली, प्रदीपला "जय भीम दादा" म्हणाली. पण ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं.

तिच्या ऑफिसात भिंतीवर अकरा नावं लिहिली होती. दहांवर हिरवी खूण.

"आता मला नीट समजावून सांग," मी म्हटलं.

आपल्याकडे स्पर्धेत चिठ्ठ्या टाकून गट पडतात. समोर कोण येईल ते नशिबावर. इथे तसं नाही. काही सामने ठरलेले असतात, पण बाकीचे प्रतिस्पर्धी कॉलेजं स्वतःच निवडतात, महिनो न् महिने आधी, लग्नं जमवावीत तसं. त्यामुळे बरेच जण काय करतात, तर दुबळे संघ घरी बोलावतात आणि हरवतात. जिंकलेल्या सामन्यांचा आकडा फुगतो, गाव खूश, देणगीदार खूश, प्रशिक्षकाची नोकरी शाबूत.

"गेल्या वर्षी आपण तेच केलं," सई म्हणाली. "अकरापैकी दहा जिंकलो. बाद फेरीसाठी निवड करणारी एक समिती असते, आपल्या विभागातून मोजके संघ घेते. आपलं नाव आलंच नाही. आपल्यापेक्षा जास्त हरलेले संघ आत गेले. कारण समिती नुसतं विचारत नाही, किती जिंकलात. विचारते, कोणाशी खेळलात. आणि ज्यांच्याशी खेळलात ते कोणाकोणाशी खेळले."

"आणि या वर्षी?"

"या वर्षीचे हे दहा बघ." तिने भिंतीकडे हात केला. "यातले आठ संघ अर्ध्याहून जास्त सामने हरलेत. आपण दहाच्या दहा जिंकलो तरी माझ्या हिशेबाने आपण काठावर आहोत. अकरावा सोपा घेतला असता तर नक्की बाहेर."

"आणि अकरावा हरलात तर?"

ती उत्तर देणार तेवढ्यात दार उघडलं. आत आले ते कोच बर्क, मुख्य प्रशिक्षक, साठीतला, दाराएवढा माणूस. सईने ओळख करून दिली. त्यांनी टोपी काढून हात मिळवला, प्रवास कसा झाला विचारलं. मग सईकडे वळले.

"हवामान बघितलंस? शनिवारी तिथे गोठणार आहे."

"बघितलं, कोच."

"दहा आठवडे माझी पोरं हरलेली नाहीत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच बोचला. "शनिवारी हरली, तर का हरली ते त्यांना तू सांगायचंस. मी नाही."

ते गेले. सईने भिंतीकडे पाठ केली आणि माझ्या डब्यातली एक दशमी उभ्याउभ्याच खायला लागली. मला वाटलं, तिला सांगावं, काळजी करू नकोस. पण काळजी मलाच वाटत होती.

शुक्रवार, उत्तरेकडे

संघाच्या बस पहाटे सुटल्या, सई त्यांच्यातच होती. आम्ही मागून निघालो. कॅन्सस उभं ओलांडायचं म्हणजे काय ते मी वर्णन करू शकत नाही, कारण वर्णन करायला तिथे काही नाही. कापून झालेली शेतं, कुंपण, आभाळ. तासाभराने पुन्हा तेच कुंपण. विदर्भात उन्हाळ्यात शेतं अशीच उघडी पडतात, पण आपल्याकडे कुठे बांधावर बाभूळ असते, तिच्याखाली कुणी बसलेलं असतं. इथे माणूसच दिसत नाही.

त्या रिकामेपणात मला माझाच एक जुना प्रवास आठवत राहिला. प्रदीपला मी तो सांगितला.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. माझा मुलींचा संघ जिल्ह्यात कोणाला ऐकत नव्हता. त्याला कारण होतं. मी सरावाचे सामने निवडून घ्यायचे. लहान शाळा, नवे संघ. मुली जिंकायच्या, आईबाप खूश व्हायचे, मुख्याध्यापिका प्रार्थनेनंतर टाळ्या वाजवायला लावायच्या. मग आम्ही राज्य स्पर्धेला गेलो, आणि पहिल्याच सामन्यात कोल्हापूरकडच्या मुलींनी आम्हाला अक्षरशः झोपवलं. मध्यंतरापर्यंत आमच्यावर तीन लोण चढले होते. परतीच्या एसटीत कुणी डबा उघडला नाही. आमची कप्तान कल्पना माझ्या शेजारी बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाई, आम्ही एवढ्या कच्च्या आहोत, हे तुम्हाला माहीत होतं ना? मग आधी का नाही सांगितलं?"

त्या वर्षानंतर मी मुलींना सोपा सामना घेऊन दिला नाही.

"म्हणून सईला सांगितलंत," प्रदीप म्हणाला.

"हो."

"बरोबरच केलंत काकू." थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "पण कबड्डीत लोण चढतो. या गेममध्ये हाडं तुटतात."

संध्याकाळी नेब्रास्कातल्या त्या गावात पोहोचलो. हमरस्त्याला लागूनच्या मोटेलमध्ये सगळे सईच्या कॉलेजचेच लोक उतरले होते, खेळाडूंचे आईबाप, भावंडं. सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचे कपडे. मोठ्याने हसणं चाललं होतं, पण कुणीतरी वाऱ्याचा वेग विचारला की हसणं थांबायचं.

शनिवार

मोटेलच्या नाश्त्याला एक यंत्र होतं. त्यात पीठ ओतायचं, झाकण लावायचं, उलटं फिरवायचं की जाळीदार घावन तयार. मी आपल्या अंदाजाने पीठ ओतलं. ते चहूबाजूंनी उतू गेलं, काउंटरवर पसरलं, जमिनीवर ठिबकायला लागलं. मी कागदाने पुसतेय आणि ते वाढतंच आहे. तेवढ्यात एका उंच बाईने हात पुढे करून यंत्र बंद केलं.

"पहिल्या वेळी सगळ्यांचं होतं," ती म्हणाली. "मी तर कार्पेटवर सांडलं होतं."

तिचं नाव रोंडा. पूर्व टेक्सासात शाळेची बस चालवते. एकटीने पिकअप चालवत इतक्या लांब आली होती. तिचा मुलगा डॅरिल, संघाचा क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू फेकणारा, ज्याच्यावर सगळा खेळ चालतो तो. मी तिला दशमी आणि चटणी दिली. चटणी तिला इतकी आवडली की नंतर मैदानात ती मक्याच्या कुरकुरीत चिप्सवर घालून खात होती.

तिच्यामुळे आम्हाला जागा चांगली मिळाली. खेळाडूंच्या घरच्यांच्या रांगेत, मध्यरेषेजवळ. तिने आपली गोधडी माझ्या गुडघ्यांवर ओढली. थंडी अशी की दात वाजत होते. समोरची यजमानांची बाजू गच्च भरलेली. त्यांचे खेळाडू मैदानात उतरले तेव्हा मी गोधडी गळ्यापर्यंत ओढली. आमची मुलं मोठी होती. ती मुलं भिंती होती.

"तुमचं कोण खेळतंय?" रोंडाने विचारलं.

मी काही बोलायच्या आत प्रदीप उत्साहाने म्हणाला, "काकूंची भाची स्टाफमध्ये आहे. सई. ही मॅच तिनेच शेड्यूल केली."

रोंडा माझ्याकडे वळली.

"म्हणजे आमच्या पोरांना इथे तिने आणलं," ती म्हणाली.

"तिने सुचवलं," मी म्हटलं. "आणि मी तिला हो म्हणाले."

ती मैदानाकडे वळली. गोधडी माझ्या गुडघ्यांवरून काढून घेतली नाही. पण त्यानंतर पहिल्या अर्ध्या वेळात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तो अर्धा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. डॅरिलच्या हातात चेंडू आला की समोरच्या भिंती त्याच्यावर कोसळायच्या. तो उठायचा, हातावरची माती झटकायचा. दर वेळी तो पडला की रोंडाचा हात गोधडीखाली मुठीत आवळला जायचा, मला जाणवायचा. दहा सामन्यांत त्याला कुणी असं पाडलं नव्हतं, हे मागच्या रांगेतले कुणीतरी म्हणाले. मला कल्पनाचा आवाज ऐकू येत होता. पण मुलं मोडत नव्हती. मध्यंतराला आम्ही तेरा-सात असे मागे होतो. फक्त सहा गुणांनी. यजमानांचे लोक गप्प झाले होते. त्यांना वाटलं होतं, आतापर्यंत काम संपलेलं असेल.

मैदानाच्या कडेला सई कानाला यंत्र लावून उभी होती. एवढ्या लांबूनही तिचे खांदे वर चढलेले दिसत होते.

तिसऱ्या टप्प्यात ते घडलं. डॅरिल मागे सरकला, हात मागे नेला आणि लांब, उंच चेंडू फेकला. सगळं स्टेडियम त्या चेंडूकडे बघत होतं. मीही. तो वाऱ्यात थोडा डगमगला, आणि पार टोकाला आमच्या एका मुलाने पळतापळता दोन्ही हातांत घेतला. टचडाउन, म्हणजे सहा गुण! त्यावरचा जादाचा एक गुण मिळाला की आम्ही पुढे! प्रदीप उड्या मारत होता, मागून कुणी माझ्या पाठीवर थापा मारत होतं.

रोंडा एकटी बसून होती. ती चेंडूकडे बघतच नव्हती. मी तिच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. जिथून चेंडू फेकला गेला तिथे डॅरिल एका कुशीवर पडलेला होता, आणि त्याच्यावरून उठून दूर झालेला समोरचा खेळाडू हात हलवून डॉक्टरांना बोलावत होता.

आवाज एकेक करत थांबत गेला. दोन्ही संघांची मुलं एका गुडघ्यावर बसली. हजारो माणसं, आणि नुसता झेंड्याच्या दोरीचा खांबावर आपटण्याचा आवाज. रोंडा उठली. पायऱ्या उतरताना तिने कठड्याला धरलं नाही, पळालीही नाही. अगदी सावकाश उतरली, जणू घाई केली तर ते खरं ठरेल.

डॅरिल चालत बाहेर गेला, एक हात छातीशी धरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आल्या नाहीत. माझ्या मनात एकच होतं: मी नागपुरात पंख्याखाली बसून म्हटलं होतं, भारी संघ घे.

उरलेला खेळ मी पाहिला पण मला तो तुकड्यातुकड्यांनी आठवतो. त्यांनी वीस केले. डॅरिलच्या जागी पहिल्या वर्षाचा एक पोरगेला मुलगा आला. तरी आमचे सतरा झाले. शेवटच्या मिनिटाला चेंडू त्यांच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर आणि आमच्या हातात. त्या मुलाने फेकला. त्यांच्याच एकाने मध्ये येऊन अडवला, झेलला आणि पोटाशी धरून जमिनीवर लोळण घेतली. संपलं. वीस-सतरा.

सईला मी तासाभराने बसपाशी गाठलं.

"हासळी मोडलीय," ती म्हणाली. गळ्याजवळचं ते हाड. "ऑपरेशन लागणार नाही बहुतेक. पण या सीझनला तो परत खेळणार नाही."

"कोच काय म्हणाले?"

"काहीच नाही." तिने बसच्या दाराकडे पाहिलं. "मीच मुलांना सांगायला गेले. ड्रेसिंग रूमच्या दारात उभी राहिले. म्हटलं, ही मॅच मी मागितली होती. कोणी काही बोललं नाही मावशी. एकाने फक्त बसायला खुर्ची सरकवली."

रविवार, पुन्हा ओक्लाहोमा

पहाटे निघून दुपारी कॉलेजात परतलो. निवड चारला जाहीर होणार होती. जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये पडदा लावला होता. मुलं टेबलांशी बसली होती, सुजलेली बोटं, चिकटपट्ट्या लावलेल्या हनुवट्या. डॅरिल पुढच्या खुर्चीत, हात झोळीत. त्याच्यामागे रोंडा उभी, कोट अंगातच. सई भिंतीला टेकून अगदी मागे. मी तिच्याजवळ गेले.

"काय वाटतं?"

"काल जिंकलो असतो तर शंभर टक्के. आता... माहीत नाही. दोन-तीन संघ आपल्या बरोबरीने आहेत. त्यांनी काल जिंकलंय."

पडद्यावर नावं यायला लागली. एक. दुसरं. प्रत्येक नावाला दूर कुठल्यातरी हॉलमधली मुलं नाचताना दिसायची. काल ज्यांनी हरवलं, त्यांचं नाव आलं. आमच्याकडे कुणी हललं नाही. आणखी एक नाव. आणखी एक. सईने माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं रुतत होती. कोच बर्क पडद्याकडे न बघता जमिनीकडे बघत होते.

आमच्या विभागातली शेवटची जागा उरली. निवेदकाने कागद उलटला. मग त्याने या कॉलेजचं नाव घेतलं.

हॉल फुटला. टेबलं सरकली, खुर्च्या पडल्या. डॅरिल उभा राहून चांगल्या हाताने शेजाऱ्याला बुक्के मारत होता. त्या गोंगाटात निवेदकाचं पुढचं वाक्य मला ऐकू आलं: हा संघ गेल्या वर्षी कुणा बड्या संघाशी खेळलाच नव्हता, या वर्षी खेळला, काल या तगड्या संघाला त्यांच्या घरी तीन गुणांपर्यंत झुंजवलं, त्यावरच हे ठरलं. कोच बर्कनी मान वर केली, गर्दीवरून सई टेकून उभी होती त्या भिंतीकडे पाहिलं आणि टोपीला हात लावला.

सई तिथे नव्हती. माझं मनगट सोडून ती मागच्या दाराने बाहेर गेली होती. मला ती वाहनतळावर सापडली, कोट न घालता, वाऱ्यात.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

"मी चुकले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "माफी तरी मागता आली असती. आता काय सांगू त्याच्या आईला? की माझं गणित बरोबर होतं?"

एकतीस वर्षांत मी अनेक मुलींना भारी संघांपुढे उभं केलं होतं. त्यांच्या आयांपुढे मात्र कधी उभी राहिले नव्हते.

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि रोंडा बाहेर आली, गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन. तिला रातोरात घरी पोहोचायचं होतं, सोमवारी सकाळी बसची ड्युटी होती. आम्हाला बघून ती थबकली. सई पुढे झाली. मी तिला अडवलं नाही, तिच्याबरोबर चालत गेले.

"मिसेस..." सईने सुरुवात केली.

"रोंडा."

"रोंडा, ती मॅच मी..."

"माहीत आहे. तुझ्या मावशीने सांगितलं." रोंडाने तिला थांबवलं. "मला एक खरं सांग. सोपा संघ बोलावला असता आणि जिंकले असते, तर आज हे नाव आलं असतं?"

सईने मान खाली घातली. मग वर केली. "नाही."

रोंडाने श्वास सोडला. तिच्या तोंडातून वाफ निघाली. "आत तो नाचतोय," ती म्हणाली. "एका हाताने. काल रात्रभर दुखण्याने झोपला नव्हता आणि आता नाचतोय. तू बरोबर होतीस, ते मला कळतंय. पण आज मला ते ऐकायचं नाही."

"मी ते सांगायला आले नाही," सई म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते. "दुसरं सांगायचंय. तुम्हाला कुणाकडून तरी कळण्यापेक्षा मीच सांगते. करार दोन वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी ते आपल्याकडे येणार आहेत. इथे. डॅरिलचं शेवटचं वर्ष असेल."

रोंडाने पिकअपचं दार उघडलं होतं. ते तिने पुन्हा लावलं. सईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. वारा तिचे पिकलेले केस तोंडावर आणत होता. तिने ते मागे सारले आणि पर्समधून एक लहान वही काढली, दातांनी पेनाचं टोपण उपसलं.

"तारीख सांग," ती म्हणाली. "सुट्टी आधीपासून टाकावी लागते मला."